भिंतीतील दार

सातवीच्या वर्गास भूगोल शिकविताना एक प्रश्न मी वर्षानुवर्षे घालीत आलो. 'फराक्का येथे गंगेवर बंधारा का बांधला?' उत्तरही ठरलेले असे. 'हुगळी नदीतील गाळ वाहून जावा व कलकत्ता बंदर वाचावे म्हणून.' या वाक्यास दोन गुण. ज्याने 'कलकत्ता बंदरासाठी' एवढेच लिहिले त्यास एक. १९७८ साली मी शिक्षक म्हणून रुजू झालो आणि २०१६ साली निवृत्त झालो. या अडतीस वर्षांत असे किती गुण मी वाटले असतील याची गणती नाही. ते उत्तर चुकीचे नव्हते. परंतु ते अर्धे होते. उरलेले अर्धे मला कळले ते निवृत्त झाल्यावर, प्रत्यक्ष फराक्क्याच्या काठावर उभे राहिलो तेव्हा. आणि ते कळत असतानाच स्वतःच्या घरातील एक जुनी चूकही मला कळून आली. या दोन गोष्टी माझ्या मनात अशा गुंतून बसल्या आहेत की, एक सांगावयाची तर दुसरी झाकून ठेविता येत नाही. घरची गोष्ट चारचौघांत मांडल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

आमचे घर पैठणचे. गोदावरीच्या काठचे आम्ही लोक तिला गोदावरी असे क्वचितच म्हणतो. आमची ती गंगाच. 'गंगेवर जाऊन येतो' असे आमच्याकडे कोणी म्हटले म्हणजे त्याने काशीयात्रेची तयारी केली असे नव्हे, तर तो धोतर आणि तांब्या घेऊन घाटावर निघाला आहे, एवढाच त्याचा अर्थ. या आमच्या गंगेवर, गावाच्या अगदी उशाशी, जायकवाडीचे धरण झाले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याचा पाया घातला गेला आणि १९७६ साली ते पुरे झाले. माझे सगळे शाळकरी वय त्या धरणाच्या धुळीत गेले. धरण म्हणजे काय हे मला कोणी शिकवावयास नको होते. पाणी सोडावयाची त्याची सत्तावीस दारे मी लहानपणापासून पाहत आलो. परंतु धरणात नावेसाठीही दार असते ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. उन्हाळ्यात जिथे गुडघाभर पाण्यातून बैलगाडी पलीकडे जात असे, त्या नदीतून मोठी नाव कोण नेणार?

आता घरची गोष्ट. वडिलोपार्जित वाडा, मधोमध चौक, चौकात तुळशीवृंदावन. आम्ही दोघे भाऊ. वडिलांच्या पश्चात, १९९६ साली, आम्ही वाटणी केली. कारण सांगण्यासारखे मोठे नव्हते. वडिलांच्या औषधपाण्याचा खर्च कोणी किती केला यावरून शब्दास शब्द वाढला, आणि शेवटी चौकात भिंत घालावयाचे ठरले. आई तेव्हा सत्तरीच्या घरात होती. ती म्हणाली, 'भिंत घाला बापडे. पण तिच्यात एक दार ठेवा. मला नातवंडांकडे जाता-येता येईल.' धाकटा काही बोलला नाही. मी मात्र बोललो. 'दार ठेवावयाचे तर भिंत कशाला?' जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपलीकडे मी इंग्रजी शाळा शिकलो नाही. पण वडिलांपाशी आणि पुढे पाठशाळेत न्याय-व्याकरणाचे चार पाठ घेतले होते. अशा मनुष्यास असली वाक्ये चटकन सुचतात, आणि सुचली की ती खरीही वाटू लागतात. भिंत उभी राहिली ती बिनदाराची.

आई माझ्याकडे राहत असे. धाकट्याकडे जावयाचे म्हणजे तिने पुढच्या दाराने बाहेर पडावयाचे, गल्लीस वळसा घालावयाचा आणि पलीकडच्या बोळातून आत शिरावयाचे. पावसाळ्यात बोळात चिखल असे. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पदराखाली झाकलेली वाटी घेऊन निघालेली आई मी ओटीवर बसून पाहत असे. आठ वर्षे ती अशी गेली-आली. २००४ साली ती वारली. त्यानंतर दोन्ही घरांतील येणेजाणे सुतकापुरते आणि लग्नकार्यापुरते राहिले.

धाकट्याचा मुलगा मात्र यास अपवाद. भिंत झाली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. पाटी घेऊन बोळातून वळसा घालून तो माझ्याकडे येई, पाढे म्हणे, रामशब्द चालवी, आणि त्याच वाटेने परत जाई. त्याच्या वडिलांनी त्यास कधी अडविले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. पुढे तो अभियंता झाला आणि एका कंत्राटदाराच्या नोकरीत फराक्क्यास गेला. तेथून २०१८ च्या दिवाळीस त्याचा फोन आला. 'काका, तुम्ही आम्हाला शिकविलेला बंधारा येऊन बघा तरी. काशी करणारच आहात, तर थोडे पुढे या.' मी काही सबब काढीत होतो. आमच्या सौभाग्यवती शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, 'पोराने एवढ्या हौसेने बोलाविले आहे. त्याला काय वाटणीत उत्तर द्यायचे आहे?' मग सबब उरली नाही.

अशा रीतीने २०१९ च्या जानेवारीत आम्ही उभयता मनमाडास हावड्याची मेल गाठली, आणि हावड्याहून दुसऱ्या गाडीने न्यू फराक्का स्थानकावर उतरलो. पौषातील पहाट होती. धुके इतके दाट की पुतण्याने पायांस हात लावला तेव्हाच तो समोर आहे हे कळले.

दुपारी धुके विरल्यावर त्याने आम्हांस मोटारीतून बंधाऱ्यावरून पलीकडच्या काठापर्यंत नेऊन आणिले. बंधाऱ्याच्या पाठीवरूनच हमरस्ता आणि लोहमार्ग जातो. सशस्त्र पहारा असल्यामुळे मध्ये थांबता येत नाही. सुमारे सव्वादोन किलोमीटर लांबीची ही वाट. आणि तिच्याखाली एकूण १०९ दारे. मी मोजावयास लागलो आणि चाळिशीतच चुकलो. एका अंगास आकाशास टेकलेले संथ पाणी, आणि दुसऱ्या अंगास त्याच नदीचे वाळूतून वाट काढीत गेलेले प्रवाह. सौभाग्यवतींनी मोटारीतूनच हात जोडले. कोणत्या अंगास जोडावे असा प्रश्न त्यांना पडला असावा, कारण त्यांनी ते दोन्हीकडे जोडले.

त्यांचा तो प्रश्न खरोखरच विचार करण्यासारखा आहे. राजमहालच्या टेकड्या ओलांडून गंगा बंगालच्या सपाटीवर उतरते आणि थोड्याच अंतरावर तिचे दोन फाटे होतात. एक दक्षिणेस वळतो. तो भागीरथी, आणि पुढे तोच हुगळी होऊन कलकत्त्यावरून सागरास मिळतो. दुसरा पूर्वेस बांगलादेशात जातो. त्याचे नाव पद्मा. पूर्वी नदीचे मुख्य अंग भागीरथीच्या वाटेने वाहत असे. गेल्या काही शतकांत ते सरकत सरकत पद्मेकडे गेले. पुण्य भागीरथीत राहिले आणि पाणी पद्मेत गेले. भागीरथीचे मुख गाळाने भरून आले. वर्षाचे बरेच महिने तिच्यात गंगेचे पाणी शिरेनासे झाले. खालून समुद्राची भरती रेती आत लोटीत राहिली, आणि ती परत बाहेर लोटावयास वरून पाणी नाही. जहाजांची वाट अशी भरत चालली.

या रोगावर बंधाऱ्याचा उपाय प्रथम सुचविला तो सर आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने, १८५३ साली, असे सांगतात. कॉटन हे नाव आम्हा गोदाकाठच्या लोकांस परके नसावे. आमचीच गंगा जेथे सागरास मिळावयास निघते, तेथे धवळेश्वरम् येथे १८५२ च्या सुमारास त्यानेच बंधारा पुरा केला, आणि त्यातून निघालेल्या कालव्यांत नावा चालाव्या अशीही तजवीज केली. फराक्क्याचे काम मात्र स्वातंत्र्यानंतर, १९६१ साली सुरू झाले आणि २१ एप्रिल १९७५ रोजी बंधारा चालू झाला. येथे पाणी साठविण्याचा हेतू नाही. नदीची पातळी उचलून धरावयाची आणि तिचा एक भाग कालव्यात वळवावयाचा, एवढेच काम. हा कालवा ३८ किलोमीटरांहून थोडा अधिक लांब असून जंगीपूरजवळ भागीरथीस मिळतो. त्यातून सेकंदास ४०,००० घनफूट पाणी नेण्याची योजना आहे. हा आकडा ऐकून माझ्यातला मास्तर जागा झाला. मी पुतण्याकडून कागद मागून घेतला आणि गणित मांडले. आमचे जायकवाडीचे धरण, एरवी वर्षानुवर्षे तहानलेले असते ते, या एका कालव्याच्या पाण्याने सुमारे एक महिन्यात तळापासून काठोकाठ भरेल!

भगीरथाने रथ पुढे हाकावा आणि गंगेने मागून यावे, ही रामायणातील कथा आपणा सर्वांच्या घरी सांगितली जाते. रुसून दुसऱ्या वाटेस लागलेल्या गंगेस पुन्हा भागीरथीच्या पात्रात आणणारा हा अडतीस कोसांचा नसला तरी अडतीस किलोमीटरांचा नवा भगीरथ, असे मी मोठ्या उत्साहाने बोलून गेलो. पुतण्या हसला. म्हणाला, 'काका, भगीरथ तुम्ही पाहिला. आता उद्या जह्नू दाखवितो.'

जह्नूचा उल्लेख त्याने कशासाठी केला हे मला दुसऱ्या दिवशी कळले. गंगेच्या लोंढ्याने यज्ञभूमी बुडविली म्हणून जह्नू ऋषीने सारी गंगा पिऊन टाकिली, आणि प्रार्थना केल्यावर कानावाटे तिला पुन्हा बाहेर वाट दिली; म्हणून ती जान्हवी. या ऋषीचा आश्रम फराक्क्याच्या वरच्या अंगास, बिहारात सुलतानगंज येथे दाखवितात. अडविणारा तोच आणि वाट देणाराही तोच. अशी वाट फराक्क्यासही ठेविलेली आहे. तिला तेथे सर्वजण लॉकगेट म्हणतात. आपल्या मराठी पुस्तकांत 'जलपाश' असा शब्द आहे. पण तो ऐकून पकडल्याचा भास होतो, आणि येथे तर सुटका व्हावयाची असते. म्हणून मी लॉक असेच म्हणतो.

लॉक म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बंधाऱ्याच्या वर पाणी उंच आणि कालव्यात पाणी खाली. मध्ये दगडासिमेंटच्या दोन भिंतींचा एक लांब हौद. फराक्क्याचा हौद सुमारे १८० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद आहे. त्यास दोन्ही टोकांस प्रचंड पोलादी दारे. खालून नाव आली की खालचे दार उघडून तिला हौदात घ्यावयाचे आणि ते दार लावावयाचे. मग वरचे पाणी हळूहळू हौदात सोडावयाचे. पाणी चढते तशी नाव चढते. हौदातील पाणी आणि वरच्या नदीचे पाणी एका पातळीस आले की वरचे दार उघडावयाचे, आणि नावेने नदीत निघून जावयाचे. उतरणाऱ्या नावेस हीच क्रिया उलटी. ही युक्ती प्रथम चीनमध्ये, ९८४ साली, तेथील मोठ्या कालव्यावर च्याओ वेइयुए नावाच्या अधिकाऱ्याने काढिली. त्यापूर्वी नावा उतरणीवरून दोरांनी ओढून वरखाली करीत. त्यात त्या फुटत, आणि त्या गडबडीत धान्यही चोरीस जाई. चोरांमुळे हजार वर्षांपूर्वी मनुष्यास ही युक्ती सुचली.

आम्ही गेलो तेव्हा खालच्या दाराशी एक रिकामी मालनौका उभी होती. तिच्यावरचा एक मनुष्य दोरीवर लुंगी वाळत घालीत होता. दुसरा चुलीवर काही परतीत होता. घाई कोणासच दिसली नाही. नौका हौदात आली, दोर बांधले गेले, मागचे दार मिटले. नंतर काय होते ते पाहावयास मी कठड्यास टेकून उभा राहिलो, आणि बराच वेळ काहीही झालेले दिसेना. पाण्यास खळखळ नाही, नौकेस धक्का नाही. समोरच्या भिंतीवरील शेवाळाची एक रेघ पाहत होतो. ती रेघ जेव्हा पाण्याखाली गेली तेव्हाच पाणी चढते आहे हे समजले.

त्या दिवशी दोन्ही पाण्यांत दोनतीन हातांचेच अंतर असावे असे डोळ्यांस वाटले. ऋतुमानाप्रमाणे ते कमीजास्त होते. मी विचारले, 'अरे, एवढ्याशा अंतरासाठी हा खटाटोप कशाला? यंत्रे एवढी मोठी आहेत, द्यावे दार ढकलून.' पुतण्याने माझाच कालचा कागद काढिला. 'काका, एक मीटर उंच पाण्याचा दाब दर चौरस मीटरास एक टन. दार पंचवीस मीटर रुंद, पाणी सहा मीटर खोल धरा. अंतर एक मीटरचे असले तरी दारावर दीडशे टनांहून अधिक जोर येतो. असे दार ओढीत बसलो तर दार तरी मोडेल, नाही तर यंत्र. पातळी सारखी होऊ दिली की तेच दार सहज फिरते.' मग जरा थांबून तो म्हणाला, 'आणि यात पंप नाही. पाणी वरून खाली आपोआप येते. नेहमी वरच्यानेच द्यायचे असते.'

तो यंत्राविषयीच बोलत होता. आमच्या घराविषयी त्याच्या मनात काही होते असे मला आजही वाटत नाही. परंतु वरचे दार उघडून ती नौका नदीत निघाली तेव्हा माझे लक्ष तिच्याकडे नव्हते. 'दार ठेवावयाचे तर भिंत कशाला?' हे माझे वाक्य मला आठवले. माझ्यासमोर सव्वादोन किलोमीटरांची भिंत होती आणि तिच्या कुशीत दार होते. दार आहे म्हणून भिंत निरुपयोगी झाली नव्हती. उलट भिंत आहे म्हणूनच दाराची गरज होती. तर्कशास्त्राचे चार पाठ घेतलेल्या मनुष्यास हे कळावयास तेवीस वर्षे आणि इतका प्रवास लागला.

येथेच हा लेख संपविला तर तो गोड होईल. पण मग पुन्हा अर्धेच उत्तर दिल्याचा दोष येईल. फराक्क्याचे दारही वेळेवर उघडले नाही. बंधारा चालू झाला १९७५ साली. लॉक वाहतुकीस खुले झाले ते १९८७ साली. मधल्या बारा वर्षांत वरच्या नावेने वर राहावयाचे आणि खालच्या नावेने खाली. दरम्यान १९८६ साली प्रयाग ते हल्दिया हा १६२० किलोमीटरांचा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ म्हणून जाहीर झाला होता. आम्ही तेथे जाण्यापूर्वी दोनच महिने, २०१८ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्याहून निघालेले कंटेनरांचे जहाज याच हौदातून चढून काशीस पोहोचले होते.

शिवाय सर्वांसाठीच दार ठेविले होते असेही नाही. संध्याकाळी घाटावर एक वृद्ध मासेमार भेटला. मासा हा विषय आमच्या पानात येत नाही. परंतु त्या मनुष्याच्या बोलण्यातील दुःख समजावयास मासे खावे लागतात असे नाही. हिलसा हा समुद्रात वाढणारा मासा. अंडी घालावयास तो गोड्या पाण्यात उलटा चढत जातो. पूर्वी तो पार प्रयागापर्यंत जात असे. बंधारा झाला आणि वरच्या अंगास त्याचे येणे जवळजवळ बंद पडले. माशांसाठी म्हणून बंधाऱ्यात वाट ठेविली होती. मासा तिने फारसा गेला नाही. पुतण्या दुभाषा होऊन सांगत होता. म्हातारा शेवटी जे बोलला ते त्याने जरा कचरतच सांगितले. 'म्हणतो, नावेला दार सापडते, कारण नावेत माणूस बसलेला असतो.'

बंधाऱ्याच्या वरच्या अंगास गाळ साचला, नदीने काठ कुरतडावयास सुरुवात केली, आणि मालदा जिल्ह्यातील पंचानंदपूर यासारखी नांदती गावे तिच्या पोटात गेली. पंधरावीस किलोमीटरांवर सरहद्द; तिच्यापलीकडे उन्हाळ्यात पद्मेचे पाणी आटू लागले. १६ मे १९७६ रोजी मौलाना भासानी यांनी वृद्धापकाळात राजशाहीहून फराक्क्याच्या दिशेने हजारो लोकांची पदयात्रा काढिली. कपिल भट्टाचार्य नावाच्या बंगाली अभियंत्याने बंधारा होण्यापूर्वीच त्याच्या परिणामांविषयी सावध केले होते. ते त्या वेळी कोणी मनावर घेतले नाही. आणि ज्या कलकत्ता बंदरासाठी हे सर्व झाले, तेथे गाळ उपसण्याची यंत्रे चालतच राहिली. मोठी जहाजे खाली हल्दियास थांबू लागली. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हुगळीचे पाणी खारट होत चालले होते ते या गोड्या पाण्याने निवळले, आणि काठच्या लाखो लोकांची पिण्याची सोय राहिली. बंधारा वाईट, असा निकाल देण्याचा मला अधिकार नाही. दोन गुणांच्या उत्तरात हे सारे मावत नव्हते, आणि न मावलेले काही असते हे मी कधी मुलांस सांगितलेही नाही, एवढीच माझी खंत आहे.

दोन देशांनीही पुढे एक वाट काढिली. १२ डिसेंबर १९९६ रोजी भारत आणि बांगलादेश यांत गंगेच्या पाण्याचा करार झाला. जानेवारीपासून मेअखेरपर्यंत दर दहा दिवसांचे पाणी मोजावयाचे. ते ७०,००० घनफूट किंवा कमी असेल तर निम्मे निम्मे, आणि त्याहून अधिक असेल तर ठरलेल्या प्रमाणात. मुदत तीस वर्षांची, म्हणजे २०२६ च्या डिसेंबरापर्यंतची. हे साल पुतण्याच्या तोंडून ऐकले तेव्हा मी चमकलो. ज्या वर्षी दोन देश एका टेबलाशी बसून दहा दहा दिवसांचे पाणी वाटून घेत होते, त्याच वर्षी एका आईचे दोन मुलगे औषधाच्या पावत्यांवरून चौकात भिंत घालीत होते.

निघावयाच्या आदल्या रात्री मी पुतण्यास म्हणालो, 'तुझ्या वडिलांनी तुला माझ्याकडे कधी येऊ नको म्हटले का रे?' तो म्हणाला, 'नाही. उलट आजी बोळातून यायची ना, तेव्हा बाबा पावसाळ्यात चिखलावर विटा मांडून ठेवायचे. तिचा पाय घसरू नये म्हणून.' मी आठ वर्षे ओटीवरून तो बोळ पाहत होतो. विटा मी पाहिल्या होत्या. त्या कोणी मांडल्या, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

पैठणास परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मी बोळातून वळसा घालून धाकट्याच्या दारी गेलो. हातात काशीचा गंगेचा गडू होता. तो ओटीवर वर्तमानपत्र वाचीत बसला होता. उठून उभा राहिला. मी म्हणालो, 'भिंतीत दार पाडावे म्हणतो. तुझी हरकत नसेल तर.' तो बराच वेळ काही बोलला नाही. मी लॉकच्या कठड्याशी उभा होतो तसाच उभा राहिलो. शेवटी तो म्हणाला, 'अण्णा, आई असताना पाडले असते तर बरे झाले असते.' यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून मी ते दिले नाही. मग त्याने आत वळून सांगितले, 'चहा टाका. अण्णा आले आहेत.'

दार पाडावयास गवंडी आला तेव्हा एक अडचण निघाली. धाकट्याने मध्यंतरी फरशी नवी घातली होती, आणि माझी जमीन जुनी शहाबादीची. पण वर होती ती माझीच बाजू. चौकाचा उतार पहिल्यापासून त्याच्याकडे. दोन्हींत वीतभर फरक पडत होता. गवंडी म्हणाला, 'गुरुजी, उंबरा कोणत्या बाजूच्या पातळीला धरू?' मी म्हणालो, 'त्यांच्या. माझ्या अंगाला खोदून एक पायरी उतरती घे.'

त्याच वर्षी फेब्रुवारीत फराक्क्याच्या नव्या लॉकविषयी वर्तमानपत्रात आले. हिलसाच्या विणीच्या हंगामात त्याची दारे पहाटे एक ते पाच या वेळात काही प्रमाणात उघडी ठेवावी, म्हणजे मासा वर जाईल, अशी योजना सरकारने जाहीर केली होती. पुढे बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने बंधाऱ्याच्या वर हिलसा नेऊन सोडण्याचेही काम चालविले. मासा पुन्हा प्रयागापर्यंत जाईल की नाही, ते काळच ठरवील. चव्वेचाळीस वर्षांनी का होईना, त्याच्यासाठी दाराचा विचार झाला, हे वाचून मला बरे वाटले. आमचा विलंब त्याहून कमी होता. तथापि जिच्यासाठी दार हवे होते ती निघून गेली होती.

आता त्या दाराने दोन्हीकडच्या वाट्या जातात-येतात. दारास कडी माझ्या बाजूने लावलेली नाही, आणि पलीकडूनही नाही. ती पायरी मात्र उतरताना गुडघा दुखतो. सौभाग्यवती म्हणतात, तेथे कठडा बसवून घ्या. मी अजून बसविलेला नाही. उतरताना जरा थांबावे लागते, ते तसेच असलेले बरे.